घरच्या माणसाची भरपाई

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली दिसते. डाव्या अंगाला लोखंडी कपाटं. आत फायली इतक्या कोंबलेल्या की दारं लागत नाहीत, म्हणून ती सुतळीने बांधून टाकलेली. मागच्या भिंतीत उंच खिडकी, तिच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा. मधोमध टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडावर चहाच्या कपांची जुनी वर्तुळं. उजवीकडे साक्षीदाराचा लाकडी कठडा. त्याचा एक पाय आखूड आहे, हात टेकला की तो कुरकुरतो. प्रकाशयोजना म्हणाल तर छताला एकच ट्यूबलाइट, आणि तीही डोळे मिचकावणारी.

टेबलामागे भरपाई अधिकारी. समोरची बाकं गच्च भरलेली, कारण आमची अख्खी नाटक मंडळी आली आहे. धुतलेले कपडे, विंचरलेले केस, पहिल्या प्रयोगाला यावं तशी. आणि पहिल्या बाकाच्या टोकाला, अर्धी बाकावर न् अर्धी हवेत, एक बाई बसली आहे. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. खांद्याजवळ कापडात एक सुई खोचलेली, सुईत पांढरा दोरा. रोजची सवय, कचेरीत येताना काढायची राहून गेली.

ही आमची सुईवहिनी. नाटकात तिला कधी काम नव्हतं, पण तिच्यावाचून आमच्यातलं कुणी रंगमंचावर धड उभं राहिलं नसतं. कपडेपट तिच्या ताब्यात. तिसरी घंटा व्हायची आणि कुणाचा तरी काजा फाटायचा, कुणाचं बटण उडायचं. मग वहिनी अंगावरच टाका घालायची. "श्वास धरा. सोडलात तर टोचेल, मग मला बोल लावू नका." मी आयुष्यभर सासवा, दासी आणि भोचक शेजारणी वठवल्या, त्या सगळ्या जणींना तिने त्याच तीन झग्यांतून उभं केलं. किनार बदलायची, बाही बदलायची, झाली नवी बाई तयार.

जीभही सुईसारखीच. आमचे नायक जन्मभर राजाच्या भूमिका करत आले, म्हणून त्यांना सगळे राजे म्हणायचे. दर दौऱ्याआधी अंगरख्याची शिवण उसवून वाढवावी लागे. वहिनी तोंडात टाचण्या धरून म्हणायची, "राजे, राज्य आहे तेवढंच आहे, पोट तेवढं वाढतंय." राजे गडगडाटी हसायचे आणि पोट आत घ्यायचे.

तिचा नवरा म्हणजे दोरभाऊ. रंगमंचाच्या वर, प्रेक्षकांना कधीच दिसत नाही अशा ठिकाणी दोर, कप्प्या आणि वजनं असतात. महाल, जंगल, तुरुंग, चांदणं, सगळं तिथून खाली येतं आणि तिथेच परत जातं. ते दोर ओढणारे हे. बोलणं कमी, हात मात्र असे की महालाचा पडदा जमिनीला टेकल्याचं समोर उभ्या असलेल्या नटालाही कळायचं नाही. एक दोरवाला, एक सुईवाली. मंडळीत त्या जोडप्याला नावच पडलं होतं, सुईदोरा. "सुईदोरा आला का?" "सुईदोरा जेवला का?" त्यांची एक लेक होती. पाळण्यातली होती तेव्हा कपडेपटातल्या टोपलीत, जुन्या शालूंवर झोपायची. मोठी झाली आणि परिचारिकेचं शिक्षण घ्यायला लागली तेव्हा दोरभाऊंनी सगळ्यांना स्वतः चहा करून पाजला. त्यांच्यासारख्या अबोल माणसाने तेवढंच भाषण केलं असं समजा.

आता आमच्या घराची रीत सांगायला हवी. हो, घरच म्हणते मी. अजून तोंडातून तेच येतं. मंडळीच्या मालकांना आम्ही मालक म्हणत नव्हतो. दादा म्हणायचो. दादा आजारपणात उशाशी बसत, लग्नात धावपळ करत, भांडणं मिटवत. प्रेमळ माणूस, यात खोट नाही. पण त्या घरात दोन गोष्टी चालत नसत. एक म्हणजे 'पगार' हा शब्द. महिन्याच्या शेवटी दादा पाकीट द्यायचे, दोन्ही हातांनी, आणि त्याला म्हणायचं 'वाटा'. कुणाच्या तोंडून चुकून पगार निघालाच तर त्याने सगळ्या मंडळीला चहा पाजायचा, असा दंडक होता. नव्या माणसाकडून मुद्दाम तो शब्द वदवून घ्यायचे आणि चहा उकळायचे. आम्हाला त्याची मोठी गंमत वाटे.

दुसरं, दादा कुणाला नाव घेऊन काम सांगत नसत. हुकूम द्यायला हा काय कारखाना आहे? ते म्हणायचे, "अरे, कुणीतरी दिवा बघा." "कुणीतरी पाणी आणा रे." आणि ज्याचं काम तो उठायचा. दिव्याचं 'कुणीतरी' म्हणजे दिवेवाला, पाण्याचं 'कुणीतरी' म्हणजे पोरंटोरं, हे भिंतींनाही ठाऊक होतं. नवं कुणी आलं की दोन दिवस गोंधळायचं, तिसऱ्या दिवशी आपण कुठलं 'कुणीतरी' आहोत ते त्याला आपोआप कळायचं.

नव्या नाटकात दादांना वरून उतरणारा सज्जा हवा होता. खरा लाकडी सज्जा, राणीला उभं राहता येईल असा. दोरभाऊंनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "दादा, सज्जा उतरवू. पण वरच्या चालायच्या फळ्या आधी बदलायला हव्यात. जुन्या झाल्यात." दादा म्हणाले, "बदलू रे, हा दौरा होऊ दे." आधीच्या दौऱ्यातही हेच बोलणं झालं होतं.

तालीम दुपारची होती. माझा प्रवेश नव्हता, म्हणून मी तिथे नव्हते. जे सांगते ते वहिनीच्या तोंडचं. सज्जा अर्ध्यावर येऊन अडकला. तिरका लोंबकळत राहिला. दादा समोर प्रेक्षागृहात बसले होते, ते ओरडले, "अरे, कुणीतरी वर बघा!" दोरभाऊ शिडी चढले. वहिनी विंगेत बसून झग्याची किनार घालत होती. काहीतरी धप्पदिशी पडलं. तिला वाटलं, वजनाची गोणी सुटली. ती म्हणाली, "अहो, जरा सावकाश," आणि मान वर न करता दातांनी दोरा तोडला.

फळी मधोमध मोडली होती.

दादा त्या दिवशी लहान मुलासारखे रडले. पुढचे सगळे प्रयोग त्यांनी रद्द केले, अंत्यविधीचा सगळा भार उचलला, लेकीला जवळ घेऊन बसले. त्या रडण्यात नाटक नव्हतं. खोटं रडणं मला लांबून ओळखता येतं, पोटापाण्याचा धंदाच होता तो माझा.

पण महिना उलटला आणि पाकीट आलं नाही. वाटा प्रयोगाचा म्हणे, आणि प्रयोगच झाले नव्हते. घरमालकाची खोलीच्या भाड्यासाठी दारावर थाप पडली. लेकीच्या कॉलेजातून फीची विचारणा झाली. वहिनीच्या शेजारची बाई शर्टांच्या कारखान्यात कामाला होती. तिने एकदा जिन्यात अडवून विचारलं, "भाऊ कामावर गेले ना? मग भरपाईचा अर्ज केलास का?"

"कसली भरपाई?"

"अगं, कामावर माणूस मेला तर मालकाने त्याच्या बायकापोरांना भरपाई द्यायची असते. कायदा आहे. आमच्यात एकाच्या बायकोला मिळाली. चूक कुणाची होती ते बघत नाहीत. तो कामगार होता का आणि कामापायी मेला का, एवढंच बघतात."

वहिनी आधी दादांकडे गेली. पाठीमागून काही करणं तिच्या स्वभावात नव्हतं. दादांना खरोखरच लागलं ते.

"भरपाई? वहिनी, आपल्या माणसांत भरपाई? तू हक्काने माग ना माझ्याकडे. कायदा कशाला मध्ये?"

"हक्कानेच मागतेय, दादा. तो कायद्यात लिहिलाय म्हणतात."

"तो काय माझा नोकर होता? भाऊ होता माझा!"

वहिनीने पदर खोचला. मग म्हणाली, "भाऊ होते तर मंडळीत त्यांचा अर्धा हिस्सा निघतो. तो द्या, मी भरपाई मागत नाही."

दादांनी तोंड फिरवलं. वहिनीने अर्ज केला, आणि दुसऱ्याच दिवशी दादांनी वकील दिला.

वहिनीची वकीलबाई कामगार संघटनेची होती. फुकट खटले चालवणारी, सदा थकलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सुनावणीच्या दिवशी तिने दोघा साक्षीदारांना बाहेरच्या व्हरांड्यात उभं केलं. एक आमचे राजे, दुसरा प्रॉम्प्टर, विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारा. दोघंही तालमीला हजर होते.

"हे बघा," ती म्हणाली, "एवढंच सांगायचं. दर महिन्याला ठरलेले पैसे मिळायचे. रोज यावं लागायचं. आणि त्या दिवशी दादांनी सांगितलं म्हणून ते वर गेले. बास. त्यांच्या वकिलांचं सगळं म्हणणं काय, तर हे कामगार नव्हतेच, घरचे हौशी माणूस होते. तेव्हा कौतुक नको. कौतुक नको म्हणजे नको."

राजे छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, निश्चिंत असा. दोरभाऊसाठी मी प्राण देईन."

"प्राण नकोत. तीन वाक्यं द्या."

आधी वहिनीची साक्ष झाली. ती कठड्याला न टेकता उभी राहिली. दादांचा वकील गोड आवाजाचा होता.

"दादांनी तुमच्या यजमानांचं नाव घेऊन 'वर जा' असं सांगितलं?"

"नाही. 'कुणीतरी वर बघा' म्हणाले."

"कुणीतरी. म्हणजे कुणीही."

"कुणीही कसं? वर जाणारे एकच होते."

"पण दुसरं कुणी गेलं असतं तरी चाललं असतं ना?"

"दुसरं कुणी गेलं असतं तर आज मी घरी असते आणि इथे त्याची बायको उभी असती."

अधिकाऱ्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वकीलबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. इथवर प्रयोग चांगला चालला होता.

मग राजे उठले.

त्यांच्याबद्दल वाईट लिहवत नाही मला. एवढा मोठा नट, एवढं मोठं मन. दोरभाऊंवर त्यांचं प्रेम होतं आणि तिथे ते त्याच प्रेमापोटी उभे होते. पण नटाची एक खोड असते. समोर भरलेली बाकं दिसली, आपला आवाज भिंतीवरून परत आला, की त्याला बाकी काही आठवत नाही. राजेंनी कठड्यावर हात टेकला, कठडा कुरकुरला, त्यांनी क्षणभर थांबून शांतता होऊ दिली. तो विराम माझ्या चांगलाच ओळखीचा होता.

"साहेब," राजे म्हणाले, "तुम्ही कधी आकाश जमिनीवर उतरताना पाहिलंय? मी पाहिलंय. रोज रात्री. ते उतरवणारा हात दोरभाऊचा होता."

वकीलबाई घाईने उठली. "आपण फक्त एवढं सांगा, त्यांना दर महिन्याला पगार मिळायचा का?"

राजे हसले. सवयीनेच हसले. "पगार? बाई, आमच्यात हा शब्द उच्चारला तर सगळ्यांना चहा पाजावा लागतो!"

बाकांवर हशा पिकला. आमचीच माणसं होती, त्यांनाही तीच सवय. त्या हशाने राजेंच्या अंगात वारं भरलं.

"दोरभाऊ पैशासाठी दोर ओढत नव्हता, साहेब. तो कुणाचा चाकर नव्हता! धन्याने हुकूम सोडावा आणि गड्याने तो झेलावा, असलं नातंच नव्हतं आमच्यात. त्या दिवशी त्याला वर कुणी पाठवलं विचारता? कुणी नाही! आईला मूल रडल्यावर कुणी सांगावं लागतं का, ऊठ म्हणून? सज्जा अडकला आणि तो धावला. दादा हात धरून 'जाऊ नको' म्हणाले असते, तरी हा पठ्ठ्या गेला असता!"

बाकांवर हुंदके ऐकू आले. टाइप करणारी मुलगी थांबून डोळे पुसत होती. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि अधिकाऱ्यांना सांगावं लागलं की इथे टाळ्या चालत नाहीत. त्यांचाही आवाज बदललेला होता. दादा ओंजळीत तोंड लपवून रडत होते. दादांचा वकील तेवढा कोरड्या डोळ्यांनी भराभर लिहून घेत होता. आणि वहिनी. वहिनी राजेंकडे अशी बघत होती, जशी एखादी बाई आपल्या घराला लागलेली आग बघते आणि शेजारी म्हणत असतात, ज्वाळा काय सुंदर आहेत.

प्रॉम्प्टर उरला होता. वकीलबाईने त्याच्यावर सगळी आशा ठेवली. तो बिचारा जन्मभर विंगेत बसून कुजबुजलेला माणूस. त्याने खरं ते सांगितलं, मी त्याचे ओठ हलताना पाहिले. पण ऐकू आलं ते फक्त कठड्याला.

"मोठ्याने बोला," अधिकारी म्हणाले.

तो पुन्हा कुजबुजला. घशातून त्याहून मोठा आवाज निघेना.

दादांचा वकील पुढे सरकला. "अहो, सोपं विचारतो. दोरभाऊ स्वतःहून वर गेले, की कुणी हुकूम दिला?"

प्रॉम्प्टर गोंधळला. त्याने बाकांकडे पाहिलं, आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. आधीच्या नटाचं वाक्य होतं ते पुढे सरकवलं. "आईला मूल रडल्यावर सांगावं लागत नाही," तो म्हणाला. आणि हे मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

बाहेर पायऱ्यांवर राजे वहिनीजवळ आले. कपाळावर घाम, चेहरा उजळलेला, प्रयोग रंगल्यावर असायचा तसा.

"कसं झालं, वहिनी?"

"छान झालं, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना इतकं मोठं केलंत की ते कायद्यात मावेनात."

राजेंना ती स्तुतीच वाटली. त्यांनी डोळे पुसले.

निकाल लागला. अधिकाऱ्यांनी मृताच्या कलानिष्ठेबद्दल दोन चांगली वाक्यं लिहिली आणि दुःखाने नमूद केलं की सदर इसम कामगार असल्याचं सिद्ध होत नाही. म्हणजे आमचे दोरभाऊ इतक्या वर्षांत कुठेच कामाला नव्हते. ते एका दुपारी सहज म्हणून एका शिडीवर चढले होते.

वकीलबाईने वर अपील करायचं ठरवलं. तिथे नव्याने साक्षी होत नाहीत, पण राजेंनी जर लिहून दिलं की मी भावनेच्या भरात बोललो, पैसे ठरलेले होते, काम सांगितलेलं होतं, तर काही आशा होती. वहिनी त्यांच्याकडे गेली. सोबतीला मी होते. राजेंनी आम्हाला बसवलं, आपल्या हाताने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला.

"वहिनी, मी त्याला आकाशात नेऊन बसवलं. आणि तू म्हणतेस त्याला खाली आणू? भाडोत्री गडी होता असं माझ्या हाताने लिहू?"

"खाली तर ते स्वतःच आले, भाऊजी," वहिनी म्हणाली. "ते काम तुम्हाला करावं लागणार नाही."

राजेंनी लिहून दिलं नाही. तिकडे दादांनी त्यांना पुढच्या नाटकातही राजाच करायला सांगितला होता. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. न बोलायला ते शिकले होते, फक्त चुकीच्या जागी.

मग दादांनी जाहीर केलं की दोरभाऊंच्या कुटुंबासाठी मदतीचा प्रयोग होईल. सगळा गल्ला वहिनीला. एकाही कलाकाराने वाटा घेतला नाही, मीही नाही. गावभर फलक लागले. त्या संध्याकाळी थिएटर इतकं भरलं की बाजूच्या वाटांत खुर्च्या टाकाव्या लागल्या. मध्यंतरात वहिनीला मंचावर बोलावून पाकीट द्यायचं होतं. ती कपडेपटात थांबली होती. लेक बाहेर पहिल्या रांगेत.

मी निरोप द्यायला आत गेले तर तिच्या इस्त्रीच्या टेबलावर एक कागद होता आणि शेजारी दादांचा वकील पेनाचं टोपण काढून उभा होता. वहिनी कागद वाचत होती. शाळा फार झालेली नव्हती, एकेक ओळ बोटाने धरून वाचायची.

"हे काय लिहिलंय? यापुढे माझी काही मागणी नाही आणि अपील मागे घेते?"

"नुसता उपचार आहे, ताई. मदत पोचल्याची सही."

"मदत आहे ना?"

"अर्थात."

"मग सही कशाला? भिकाऱ्याला पैसा टाकताना कुणी सही घेतं का त्याची?"

वकील हसला. "विचार करा. बाहेर लोक वाट बघतायत. मुलीची फी आहे, खोलीचं भाडं आहे. अपील म्हणजे वर्षानुवर्षं."

मला वाटलं, ती सही करेल. माझ्या मनात आलं होतं, करू दे बाई, पोर शिकेल तरी. वहिनीने कागद टेबलावर ठेवला. दोन क्षण त्यावर हात ठेवून उभी राहिली. मग इस्त्रीचं बटण बंद केलं, पिशवी घेतली आणि मागच्या दाराने निघून गेली.

मंचावर दादा म्हणाले, "वहिनींना भावना अनावर झाल्यामुळे त्या आपल्यासमोर येऊ शकत नाहीत." प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तो गल्ला दादांनी खाल्ला नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी तो वर्षभर वेगळा ठेवला. मग त्यातून रंगमंचाच्या वरच्या चालायच्या फळ्या नव्या करून घेतल्या, पक्क्या सागवानी, दोन्ही बाजूंनी कठडे असलेल्या. शिडीजवळ पितळेची पाटीही बसवली: 'कै. दोरभाऊंच्या प्रेमळ स्मरणार्थ'. नवा दोरवाला ती पाटी रोज पुसायचा.

अपील फेटाळलं गेलं. कागद वर गेले आणि खाली जे बोलले होते तेच बोलले. लेकीने शिक्षण सोडलं. शेजारच्या बाईने दोघींना शर्टांच्या कारखान्यात चिकटवून घेतलं. मायलेकी एकाच रांगेत बसायच्या, आई कॉलर लावायची, लेक कफ. आत जाताना कार्ड, बाहेर येताना कार्ड. मी मधूनमधून जायची भेटायला. एकदा मी विचारलं, मंडळीची आठवण येते का गं? ती म्हणाली, "इथला साहेब तोंडावर शिव्या देतो. बरं वाटतं." आणि हसली. पूर्वीसारखी हसली असं मी लिहिलं असतं, पण तसं नव्हतं. तिच्या जिभेला धार आधीही होती, पूर्वी ती टाका घालायला असायची.

ही गोष्ट इथे संपली असती. पण राजे पडले.

चालू प्रयोगात सिंहासनाच्या पायऱ्या उतरताना एक पायरी सरकली. पायऱ्या घडीच्या होत्या, खिट्टी नीट लागलेली नव्हती. राजे कमरेवर आपटले. तशा अवस्थेत त्यांनी बसूनच प्रवेश संपवला, लोकांना कळलंही नाही. खुबा मोडला होता. दादा रुग्णालयात आले, फळं घेऊन आले, उशाशी बसले. म्हणाले, "राजे, तुम्ही घरचे. आता घरी बसून आराम करा." नव्या नाटकात नवा राजा उभा राहिला. औषधांची बिलं मंडळीच्या कचेरीत पाठवली तेव्हा दादांच्या वकिलाचं उत्तर आलं: आपण पाहुणे कलावंत असल्याने मंडळीवर कोणतीही जबाबदारी येत नाही.

ते पत्र राजेंनी मला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा क्रोधाने, दुसऱ्यांदा करुणेने, आणि तिसऱ्यांदा अगदी साध्या आवाजात. एवढ्या वर्षांत त्यांचा साधा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तिच्याकडे घेऊन चल मला," ते म्हणाले.

वहिनीची खोली वरच्या मजल्यावर. राजेंना कुबडीने जिना चढवेना. मी त्यांना खाली, जिन्याच्या तोंडाशी कुणाच्या तरी स्टुलावर बसवलं. कारखाना सुटला आणि मायलेकी आल्या. लेकीने राजेंना ओळखलं आणि बाजूने वर निघून गेली. वहिनी थांबली. कपड्यांवर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. तिने कुबडीकडे पाहिलं, मग राजेंच्या अंगातल्या सदऱ्याकडे. तो आता त्यांना दोन बोटं सैल होत होता.

"बारीक झालात, भाऊजी."

"राज्य गेलं, वहिनी." राजेंनी हसायचा प्रयत्न केला. मग हात जोडले आणि त्यांचा आवाज चढू लागला. "वहिनी, त्या दिवशी मी जो अपराध केला, त्याला शासन..."

"हळू बोला. वर कुणाचं पोर झोपलंय."

राजेंनी हात खाली घेतले. मग खालच्या आवाजात, अडखळत, त्यांनी मागितलं. वकीलबाईचा पत्ता हवा होता. आणि साक्षीदार हवा होता. पैसे दर महिन्याला ठरलेले मिळायचे, रोज यावं लागायचं, दादा सांगतील ते करावं लागायचं, हे सांगणारं कुणीतरी. मंडळीतलं कुणी तयार नव्हतं, खरं सांगायचं तर मीही नाही. सगळे घरचे होते.

वहिनी अंगावरचा एकेक दोरा काढून बोटाला गुंडाळत राहिली. जिन्यावरून एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन उतरला, आम्ही सगळे भिंतीला चिकटलो, तो गेला. राजे तिच्याकडे असे बघत होते, जसे कधी कुठल्या प्रेक्षकाकडेही त्यांनी पाहिलं नसेल.

"शिफ्टचा एक दिवस बुडेल माझा," ती शेवटी म्हणाली.

"मी भरून देईन, वहिनी, जमेल तेव्हा..."

"तुमच्याकडे असते तर आला असतात का इथे? राहू द्या." ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढली आणि कठड्याला हात लावून वळली. "येईन मी. जे होतं ते सांगेन. फक्त माझी साक्ष होईपर्यंत तुम्ही बाहेर व्हरांड्यात थांबायचं. आणि मग आत आलात, की आमच्या ह्यांच्याबद्दल एक शब्दसुद्धा बोलायचा नाही."